गाड्यांचे कारखाने, लीन आणि वाचायची पुस्तकं : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात प्रेस शॉपबद्दल (पत्रा दाबून सुटे भाग काढतात ती जागा) लिहिताना मी टोयोटावरच्या दोन पुस्तकांचा ओझरता उल्लेख केला होता. लीन म्हणजे वाया जाणारं काढून टाकून कमी साठ्यात काम करायची, टोयोटातून आलेली पद्धत. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे. मी भोसरीत गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात प्लॅनिंगला होते, नंतर संध्याकाळच्या डिप्लोमा वर्गांना शिकवलं. उत्तरं त्या अनुभवातून दिली आहेत. पत्रं थोडी कापली आहेत आणि नावं छापलेली नाहीत.

मॅडम, मी मेकॅनिकल डिप्लोमा करून यंदा चाकणला ट्रेनी म्हणून लागलो. आल्या आल्या लीनचं ट्रेनिंग झालं. फाइव्ह एस (सगळं जागच्या जागी, नीटनेटकं ठेवणं), कानबान, कायझेन (सततची छोटी सुधारणा), पोका योके (चूक होऊच नये अशी सोय), सात प्रकारचे मुडा (वाया जाणं), सगळं पाठ आहे. पण लाईनवर उभं राहिलं की यातलं काय कुठे लावायचं ते सुचत नाही. नेटवर वीस-वीस पुस्तकांच्या याद्या आहेत. माझं इंग्रजी बेताचं आहे. सुरुवात कुठून करू? (निगडी)

याद्या बाजूला ठेवा आणि ताइची ओनो यांचं 'टोयोटा प्रॉडक्शन सिस्टीम' घ्या. जपानीत ते १९७८ साली आलं, इंग्रजीत १९८८ साली. लहानसं आहे, वाक्यं आखूड आहेत, आणि ज्या माणसाने ही पद्धत कारखान्यात उभी केली त्यानेच लिहिलेलं आहे. कंपनीच्या बसमध्ये निगडीहून चाकणला जाताना रोज चार-पाच पानं सहज होतील. तळेगाव रस्त्याची कोंडी लागली तर आणखी दोन.

हे पुस्तक आधी वाचायला सांगते त्याला कारण आहे. ट्रेनिंगमध्ये तुम्हाला उत्तरं दिली गेली, प्रश्न कुणी सांगितले नाहीत. तुम्ही पाठ केलेल्या प्रत्येक पद्धतीच्या मागे कुणाचं तरी काहीतरी नडलेलं आहे, आणि काय नडलं होतं ते ओनो मोकळेपणाने सांगतात. १५ ऑगस्ट १९४५ ला जपान युद्ध हरला. टोयोटाचे अध्यक्ष किइचिरो टोयोडा म्हणाले, तीन वर्षांत अमेरिकेला गाठा, नाहीतर जपानचा मोटार उद्योग टिकणार नाही. ओनोंच्या कानावर आलेला हिशेब असा होता, की एक अमेरिकन कामगार नऊ जपानी कामगारांइतकं काम काढतो. त्यांनी विचार केला, अमेरिकन माणूस काही नऊपट अंगमेहनत करत नसणार. म्हणजे आपल्याकडेच बरंच काही वाया जातंय. 'मुडा'चा सगळा पाठ इथून सुरू होतो. पुढे १९४९-५० मध्ये गाड्या खपेनात, कंपनी बुडायला आली. माल करून ठेवायला पैसाच उरला नव्हता. तेव्हा पुढच्या माणसाने मागच्याकडे जाऊन हवा तेवढाच माल उचलायचा, आणि उचलला तेवढाच मागच्याने पुन्हा करायचा, ही रीत त्यांनी बसवली. अमेरिकन सुपरमार्केटमध्ये गिऱ्हाईक फळीवरून माल उचलतं आणि रिकामी जागा भरली जाते, त्यावरून त्यांना हे सुचलं होतं. काय उचललं आणि किती, हे सांगणारं कार्ड म्हणजे कानबान.

'पाच वेळा का विचारा' याचं त्यांनी दिलेलं उदाहरण तर तुमच्या कामाच्या पहिल्या महिन्यातच वाचायला हवं. मशीन बंद पडलं. का? लोड वाढून फ्यूज उडाला. लोड का वाढला? बेअरिंगला तेल पोचत नव्हतं. का? तेलाचा पंप नीट ओढत नव्हता. का? पंपाचा शाफ्ट झिजला होता. का? गाळणी नव्हती, आत धातूचा चुरा गेला. पहिल्याच 'का'वर थांबणारा फ्यूज बदलतो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा बदलतो. पाचव्यापर्यंत जाणारा गाळणी बसवतो.

वाचताना वहीच्या पानावर दोन रकाने पाडा. डावीकडे पद्धतीचं नाव, उजवीकडे 'यांना काय नडलं होतं'. उजवा रकाना रिकामा राहिला तर ते पान पुन्हा वाचा. मग तीच नड आपल्या लाईनवर कुठे दिसते ते शोधा. नाही दिसली तर ती पद्धत तूर्त लावू नका, साहेबांनी विचारलं तर हेच उत्तर द्या. एका कारखान्यात मी ऑफिसच्या टेबलांवर स्टेपलर आणि पेन ठेवायच्या जागा पिवळ्या पट्टीने आखलेल्या पाहिल्या आहेत, आणि त्याच दिवशी टूल रूममध्ये सेटर, म्हणजे प्रेसवर डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) चढवणारा माणूस, चालू डायचा पंच शोधत फिरत होता. फाइव्ह एसची गरज त्या टूल रूमला होती.

दुसरं पुस्तक माइक रॉदर आणि जॉन शूक यांचं 'लर्निंग टू सी'. हे वाचायचं कमी आणि करायचं जास्त. कागद-पेन्सिल घ्या, डिस्पॅचपासून सुरुवात करा आणि उलटं चालत कच्च्या मालापर्यंत जा. कुठे किती माल पडलाय, किती दिवसांचा, तो हातानेच काढा. कॉम्प्युटरवर काढू नका. चालल्याशिवाय काढलेला नकाशा भिंतीवर शोभतो, उपयोगी पडत नाही.

तिसरं, 'द मशीन दॅट चेंज्ड द वर्ल्ड', वोमॅक, जोन्स आणि रूस यांचं, १९९० सालचं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी जगभरच्या मोटार कारखान्यांचा अभ्यास करून ते लिहिलं. यातली फ्रेमिंगहॅम आणि ताकाओका यांची तुलना नीट बघा. १९८६ साली जनरल मोटर्सच्या फ्रेमिंगहॅममध्ये एक गाडी जोडायला सरासरी ४०.७ तास लागायचे, टोयोटाच्या ताकाओकात १८. शंभर गाड्यांमागे जोडणीतले दोष १३० विरुद्ध ४५. आणि सुट्या भागांचा साठा एकीकडे दोन आठवड्यांचा, दुसरीकडे दोन तासांचा. या तीन आकड्यांचं एकमेकांशी नातं काय, हे स्वतः जुळवून बघा. ते जुळलं की लीन समजलं असं म्हणायला हरकत नाही.

इथे थांबा. बाकीची सतरा पुस्तकं पुढच्या वर्षी.

मी निवृत्त शिक्षिका. मुलगा आणि सून दोघंही गाड्यांच्या कंपन्यांत. जेवताना त्यांचं बोलणं चालतं, त्यातलं मला निम्मं कळत नाही. इंजिनिअरिंग नको, पण या उद्योगाची गोष्ट वाचायला आवडेल. (सदाशिव पेठ)

तुम्ही डेव्हिड हाल्बरस्टॅम यांचं 'द रेकनिंग' घ्या. १९८६ चं. फोर्ड आणि निस्सान या दोन कंपन्यांची समांतर कहाणी आहे. जाडजूड आहे, पण माणसांतून सांगितलेली आहे, एकदा धरलं की सुटत नाही. आपल्याकडचं हवं असेल तर मारुतीचे आर. सी. भार्गव यांचं 'द मारुती स्टोरी'. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० बाहेर पडली, त्याच्या मागची सरकारी खटपट, सुझुकीशी करार, आणि साहेब-कामगार सगळ्यांना एकच गणवेश, एकच कॅन्टीन हे त्या काळी किती नवं होतं, ते सगळं त्यात येतं. मुलगा-सून जे शब्द वापरतात त्यातले बरेच त्या काळात आपल्याकडे रुळले.

हेन्री फोर्डचं 'माय लाइफ अँड वर्क' (१९२२) मिळालं तर जरूर चाळा. १९१३ मध्ये त्याच्या हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकती लाईन आली आणि चासी (गाडीचा सांगाडा) जोडायचा वेळ साडेबारा तासांवरून दीड तासाच्या आसपास आला. १९१४ च्या जानेवारीत त्याने दिवसाला पाच डॉलर रोज जाहीर केला. या माणसाच्या विचाराचा झपाटा त्या पानांतून कळतो. मात्र त्याच पुस्तकात त्याने स्वतःच्या वर्तमानपत्रातल्या ज्यूद्वेष्ट्या लिखाणाची पाठराखणही केली आहे. ती मला अजिबात सहन होत नाही, आणि पुस्तक हाती देताना ते सांगितलंच पाहिजे असं मला वाटतं.

पिंपरीची टेल्को (आताची टाटा मोटर्स), आकुर्डीची बजाज आणि त्यांच्या भोवती उभ्या राहिलेल्या शेकडो छोट्या शेड्स, या आपल्या पट्ट्याची अशीच जाड, माणसांनी भरलेली गोष्ट मराठीत कुणीतरी लिहावी ही माझी जुनी इच्छा आहे. तुमचा मुलगा-सून लिहितील तर मी पहिली वाचक.

ताई, माझं भोसरीत प्रेस शॉप आहे. सहा पॉवर प्रेस, ब्रॅकेट आणि क्लॅम्पची कामं. कस्टमर म्हणतो रोज थोडा थोडा माल पाठवा, लीन करा. डाय बदलायला दीड-दोन तास जातात, मग एकदा चढवली की दहा हजार पीस काढल्याशिवाय परवडत नाही. गाळा मालाने भरलाय, पैसा त्यात अडकलाय. लीन मोठ्यांचं काम आहे. आपली माणसंही जपान्यांसारखी नाहीत. आमच्यासारख्याने कुठलं पुस्तक वाचायचं? (भोसरी)

दादा, तुमच्या पत्रातच उत्तर आहे. गाळा भरलाय तो डाय बदलायला दोन तास लागतात म्हणून. तेवढी एक गोष्ट सुटली तर बाकीचं मागोमाग येईल. त्यासाठी जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो यांचं डाय झटपट बदलण्यावरचं पुस्तक आहे, 'अ रिव्होल्यूशन इन मॅन्युफॅक्चरिंग', इंग्रजीत १९८५ साली आलेलं. टोयोटातही हेच नडलं होतं. १९६९ मध्ये त्यांच्या हजार टनी प्रेसची डाय बदलायला चार तास लागायचे. जर्मनीत फोक्सवागन तेच काम दोन तासांत करतं असं कळलं. चाकणला आज ज्यांचा कारखाना आहे तेच हे फोक्सवागन. शिंगोंना बोलावलं गेलं, सहा महिन्यांत वेळ दीड तासावर आला. मग वरून फर्मान आलं, तीन मिनिटांत करा. तेही त्यांनी पुढच्या तीन महिन्यांत करून दाखवलं.

कसं केलं, ते त्यांच्या १९५० च्या एका आठवणीतून कळतं. हिरोशिमाला माझदाच्या कारखान्यात ते ८०० टनी प्रेसची डाय बदलताना बघत उभे होते. डाय उतरवली आणि कामगार एकदम पळत सुटला. तासाभराने आला. एक बोल्ट मिळत नव्हता. शेवटी दुसऱ्या प्रेसचा लांब बोल्ट घेऊन, कापून, आटे पाडून आणला होता. तिथे शिंगोंनी कामांचे दोन भाग पाडले: प्रेस थांबवूनच करावी लागतात ती, आणि प्रेस चालू असताना उरकता येतात ती. बोल्ट शोधणं हे दुसऱ्या भागातलं काम.

तुमच्या शेडमध्ये हे असं करा. पुढची डाय चढवाल तेव्हा मोबाईल एका उंच जागी ठेवून सगळं रेकॉर्ड करा आणि सेटरबरोबर बसून बघा. त्याच्यावर नजर ठेवायला हे नाही, हे त्याला आधी सांगा. मी जिथे जिथे हे केलं तिथे साधारण असंच दिसलं: नवी डाय रॅकवरच आहे, ती आणायला होइस्ट मोकळा नाही. स्पॅनर दोन नंबरचा प्रेसवाला घेऊन गेलाय. टी-बोल्ट कमी-जास्त लांबीचे, म्हणून क्लॅम्पखाली पॅकिंगच्या पट्ट्या एकावर एक रचायच्या, एखादी सरकली की पुन्हा रचायच्या. मग रॅम (प्रेसचा वर-खाली होणारा भाग) वर-खाली करून शट हाइट, म्हणजे रॅम पूर्ण खाली आल्यावर डायला उरणारी उंची, जुळवायची, एक पीस काढायचा, गेजला लावायचा, पुन्हा जुळवायचं. दोन तासांतला प्रत्यक्ष डाय बसवण्याचा वेळ थोडाच. बाकी शोधाशोध आणि जुळवाजुळव.

म्हणून आधी शोधाशोध संपवा: चालू लॉट संपायच्या आत पुढची डाय, तिचे बोल्ट, क्लॅम्प, गेज, पाना, सगळं एका ट्रॉलीवर प्रेसजवळ येऊन थांबलं पाहिजे. मग जुळवाजुळव: सगळ्या डायच्या क्लॅम्प लावायच्या जागेची उंची एक करा, म्हणजे एकाच लांबीचे बोल्ट सगळीकडे चालतील आणि पॅकिंग जाईल. जमेल तेवढ्या डायना खाली प्लेट लावून शट हाइटही सारखी करा. डाय मागे सरकवली की आपोआप जागेवर बसेल असे दोन स्टॉपर बेडवर लावा. शिंगो बोल्टबद्दल एक साधी गोष्ट सांगतात: पंधरा आटे फिरवले तरी पकड बसते ती शेवटच्या आट्याला, आधीचे चौदा फेरे फुकट. यातलं बहुतेक काम तुमच्या टूल रूमला घरच्या घरी होण्यासारखं आहे.

एक मात्र कळकळीने सांगते. वेळ घटवायच्या नादात सेफ्टी ब्लॉक (रॅम खाली येऊ न देणारा ठोकळा) लावल्याशिवाय डायमध्ये कुणाचा हात जाऊ देऊ नका. आपल्या पट्ट्यात प्रेसवर बोटं गेलेली माणसं मी पाहिली आहेत. ब्लॉक लावायचा वेळ हा कापायचा वेळ नाही.

आणि वाचलेल्या वेळात जास्त पीस काढू नका. त्याच वेळात डाय जास्त वेळा बदला, लॉट लहान करा. गाळा तेव्हाच मोकळा होईल.

राहिलं 'आपली माणसं'. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा कारखाना होता, भांडणं आणि गैरहजेरीसाठी बदनाम झालेला. १९८२ मध्ये तो बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाने जनरल मोटर्सबरोबर भागीदारीत तोच पुन्हा सुरू केला, कामगार बहुतेक जुनेच घेतले. वर सांगितलेल्या 'द मशीन दॅट चेंज्ड द वर्ल्ड'मधला आकडा सांगतो, की तिथे गाडी जोडायला १९ तास लागू लागले. त्याच मापाने फ्रेमिंगहॅमला ३१ आणि ताकाओकाला १६ (वरचे ४०.७ आणि १८ हे सगळे तास धरून होते, इथे सारखीच कामं धरून तुलना केली आहे). दोषांचं प्रमाण ताकाओकाइतकंच उतरलं. माणसं तीच होती. त्यांच्याशी वागण्याची आणि काम मांडण्याची रीत बदलली होती.

कोरोनानंतर चिपच्या टंचाईने गाड्यांचे कारखाने अडले, वेटिंग लागलं. 'जस्ट इन टाइम'ची, म्हणजे लागेल तेव्हा लागेल तेवढाच माल आणायच्या पद्धतीची, पुस्तकं आता रद्दीत घालायची का? (औंध)

नाही. १ फेब्रुवारी १९९७ ला जपानात करिया इथल्या आयसिन या टोयोटाच्या पुरवठादाराच्या कारखान्याला आग लागली. ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह टोयोटाला जवळजवळ सगळा तिथूनच येत असे. साठा काही तासांचाच, त्यामुळे टोयोटाच्या लाईन थांबल्या. तेव्हाही सगळे म्हणाले, संपलं हे. पण डझनावारी पुरवठादार, त्यात शिलाई मशीन करणारी ब्रदरसुद्धा, ड्रॉइंग घेऊन तो व्हॉल्व्ह करू लागले आणि काही दिवसांतच गाड्या पुन्हा निघायला लागल्या. एकमेकांचं काम इतकं जवळून माहीत असल्याशिवाय हे होत नाही.

चिपचं म्हणाल, तर २०११ च्या भूकंपाने टोयोटाला धडा मिळाला होता. त्यानंतर त्यांनी पुरवठादारांना दोन ते सहा महिन्यांच्या चिप ठेवायला लावल्या. म्हणून २०२१ च्या सुरुवातीला इतरांच्या लाईन बंद पडत असताना त्यांच्या चालू होत्या. पुढे तोही साठा पुरला नाही, सप्टेंबरात त्यांनाही उत्पादन जवळपास चाळीस टक्के कापावं लागलं. तरी मुद्दा राहतोच: ज्या भागाला यायला महिने लागतात त्याचा साठा विचार करून ठेवणं, आणि शेडमध्ये काय पडलंय तेच माहीत नसणं, हे दोन वेगळे साठे आहेत. ओनोंचं भांडण दुसऱ्याशी होतं.

ताई, मी चाकणला लाईनवर आहे, ठेकेदारामार्फत. लीनचं काम चालू झालं. घड्याळ लावून मोजणी झाली, आमच्या स्टेशनवर सहा जण होतो ते पाच झालो. टार्गेट तेवढंच. तुम्ही पुस्तकं सांगता त्यात आमच्याबद्दल काही लिहिलंय का? (नाव छापू नका)

लिहिलंय, आणि ते लीन शिकवणाऱ्यांनी आधी वाचायला हवं. सातोशी कामाता नावाचे जपानी पत्रकार १९७२ मध्ये हंगामी कामगार म्हणून टोयोटात लागले, सहा महिने गिअरबॉक्सच्या जोडणीवर उभे राहिले आणि रोज रात्री वसतिगृहावर डायरी लिहीत गेले. इंग्रजीत ते पुस्तक १९८२ मध्ये 'जपान इन द पासिंग लेन' या नावाने आलं. लाईनचा वेग वाढतो तेव्हा हात कसे भरून येतात, सोबतचे एकेक कसे सोडून जातात, ओव्हरटाइम नाकारता कसा येत नाही, हे सगळं त्यात आहे. ओनोंच्या पुस्तकाशेजारी हे ठेवल्याशिवाय टोयोटा पूर्ण वाचून होत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी बाजू 'द मशीन'मध्ये येते आणि तीही तुमच्या कामाची आहे. १९५० मध्ये टोयोटात मोठा संप झाला. शेवटी बऱ्याच कामगारांना जावं लागलं, पण किइचिरो टोयोडांनी जबाबदारी घेऊन अध्यक्षपद सोडलं, आणि जे राहिले त्यांना नोकरीची हमी मिळाली, नफ्याशी जोडलेला बोनस मिळाला. त्या हमीवरच तर सुधारणेच्या सूचना येऊ लागल्या. आपण सुचवलेल्या सुधारणेने आपलीच नोकरी जाणार असेल तर कोण तोंड उघडेल? तुमच्याकडे ही हमी न देता फक्त घड्याळ आणलं गेलं. सहाचे पाच करणं आणि त्याच वेगाने पळवणं याला त्या पुस्तकांत आधार नाही. काम कमी केलं असतं, वाकणं, चालणं, शोधणं काढून टाकलं असतं, तर पाच जण न दमता पुरले असते.

तुमच्या सुपरवायझरला दोन गोष्टी विचारा, एकट्याने नको, सगळ्यांनी मिळून. सहाव्याला कुठे घेतलं? आणि मोजणीनंतर कामातलं नेमकं काय कमी केलं, एखादी ट्रॉली जवळ आणली, एखादा जड उचलायचा भाग काढला? उत्तर लेखी मागा.

टोयोटाच्या लाईनवर कामगाराच्या डोक्यावर एक दोरी असायची, आता काही ठिकाणी तिच्या जागी बटण आलं आहे. अडचण आली की ती ओढायची किंवा बटण दाबायचं, टीम लीडर धावत येतो, वेळेत सुटलं नाही तर लाईन थांबते. तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही. तुमच्याकडे दोरी किंवा बटण आहे का, आणि ते वापरलं तर कोण येतं, काय बोलतं, हे पुढच्या पत्रात जरूर लिहा. नाव छापणार नाही.